छोट्या कथेतला संघर्ष, आशयसूत्र आणि सूर नेमका कुठे शोधायचा? ('पाड'च्या निमित्तानं)

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या मुलांना कथा शिकवताना तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: संघर्ष कोणता, आशयसूत्र काय, सूर कसा आहे. उत्तरंही ठरलेली असतात. 'गरीब विरुद्ध श्रीमंत', 'माणुसकी', 'करुण'. हीच तीन उत्तरं निम्म्या मराठी कथांना चालतील, म्हणजे ती कुठल्याच कथेची नव्हेत.
वर्गासाठी लिहिलेली जेमतेम शंभर शब्दांची एक कथा खाली देतो. (गोव्याबाहेरच्यांसाठी: भाट म्हणजे माडांची बाग, भाटकार तिचा मालक, पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आणि पाड म्हणजे नारळांची काढणी.) यात तिन्ही गोष्टी मजकुरातूनच कशा दाखवाल? मत नको, पुरावा हवा.

*पाड*
*भाटकार आले तेव्हा म्हातारी अंगण झाडत होती.*
*"बाये, बरी आहेस ना?"*
*तिनं खराटा मागं लपवला आणि आतून पाट आणून मांडला. ते उभेच राहिले.*
*पाडेली एकेका माडावर चढत गेला. नारळ पडू लागले. म्हातारी मोजत नव्हती. भाटकार मोजत होते. एकशे बारा झाले तेव्हा त्यांनी एक नारळ उचलून तिच्या उंबऱ्यावर ठेवला.*
*"नातवाला."*
*"नातू मडगावला असतो. बँकेत."*
*"ऐकलं. कागद त्यानंच केले ना?"*
*म्हातारी बोलली नाही. पाडेली उतरला. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग थोडं थांबून तोच तांब्या भाटकारांपुढं धरला. ते प्यायले. पहिल्यांदाच.*
*गाडी गेली. म्हातारीनं उंबऱ्यावरचा नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, आणि भाटातल्या ढिगावर नेऊन ठेवला.*

अबोली
पण इथे गरीब विरुद्ध श्रीमंत हे उत्तर चूक कसं? एक भाटकार, एक मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारी. गोव्यात याहून जुना संघर्ष कुठला?

शब्दपारखी
@अबोली, चूक नाही, अपुरं आहे. गरीब आणि श्रीमंत ही दोघांची परिस्थिती झाली. परिस्थिती वेगळी असली म्हणून संघर्ष होत नाही. संघर्षाला दोन इच्छा लागतात, आणि एक पुरी झाली की दुसरी अडली पाहिजे. म्हणून आधी दोन्ही पात्रांसमोर एकेक क्रियापद लिहायचं: याला काय *करायचं* आहे?
भाटकारांना नारळ मिळवायचे नाहीत, ते त्यांचेच आहेत. त्यांना *द्यायचं* आहे. म्हातारीला नारळ राखायचा नाही. तिला *घ्यायचं नाही*. म्हणजे वस्तू एकच, एकाला ती द्यायची आहे आणि दुसरीला ती घ्यायची नाही. भांडण मालकीचं नाही, देणारा कोण राहणार याचं आहे. 'गरीब विरुद्ध श्रीमंत' म्हटलं की म्हातारीला नारळ हवा असेल असं वाचणारा धरून चालतो आणि कथेचा शेवट त्याला कळेनासा होतो.

डिचोलीकर
'कागद' म्हणजे कूळ कायद्याचे ना? मग जमीन तिची झाली आणि ती नारळ पाडू देते, हा तिचा मोठेपणा. मला तरी संघर्ष तिथे दिसतो.

खाजन
नाही हो डिचोलीकर, इथे दोन कायद्यांची गल्लत होतेय. १९६४ चा कूळ कायदा शेती कसणाऱ्याचा. राहत्या घराचा प्रश्न १९७५ च्या मुंडकार कायद्यात येतो. त्यात मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण आहे, आणि घर व घराभोवतीची ठरावीक जागा विकत घ्यायचा हक्क आहे. अर्ज मामलेदाराकडे. भाटातले माड भाटकारांकडेच राहतात.
कथा वाचताना याचा उपयोग असा: नारळ कायद्यानं त्यांचे आहेत, म्हणून नारळ परत नेणं हा हक्काचा दावा होत नाही. घराचा प्रश्न कागदानं सुटलाय. कागदानं जे सुटलं नाही तेवढंच कथेत उरलं आहे. काळही त्यावरूनच कळतो. कथेत साल नाही, पण 'कागद त्यानंच केले ना?' हे वाक्य १९७५ च्या आधी भाटकाराच्या तोंडी आलंच नसतं.

मांडवीकाठ
खाजन, नेमकं. मुलं 'कागद' हा शब्द ओलांडून पुढे जातात. लहान कथेत न समजलेली एक वस्तू पूर्ण उत्तर फिरवू शकते.

सोलकढी
मला तो नारळ परत गेल्याचं वाईट वाटलं. चांगली वाटीभर कढी झाली असती :)

माडाखाली
सोलकढी, नारळ चांगला होता की नाही हेच तर आपल्याला सांगितलेलं नाही! तिनं तो कानाशी धरून हलवला. पक्का नारळ हलवला की पाणी वाजतं. शहाळं पाण्यानं भरलेलं असतं, ते वाजत नाही. पाणी आटलेला असला तर हाताला हलका लागतो आणि आवाज नसतो, किंवा आत सुटलेल्या खोबऱ्याचा गोटा खडखडतो. म्हणजे हलवणं ही पारख आहे. पण पारखीचा निकाल लेखकानं दाबून ठेवला.
दुसरी शंका कुणी काढण्याआधीच सांगतो. गाडी गेली तरी ढीग भाटातच कसा? पाडलेले नारळ एका जागी रचून ठेवतात आणि उचल नंतर टेंपोनं होते. मालक मोजून जातो. म्हणूनच आकडा महत्त्वाचा. एकशे बारातला एक उंबऱ्यावर गेला, ढिगात एकशे अकरा राहिले. ती नेऊन ठेवते तेव्हा हिशेब पुन्हा एकशे बारा होतो.

अबोली
अरे! हा एकशे बाराचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. मग निकाल का दाबला? नारळ खराब निघाला म्हणून परत केला असंही वाचता येईल.

शब्दपारखी
दोन्ही वाचनं लावून बघा. खराब निघाला म्हणून परत केला, तर ती गाऱ्हाणं करते आहे, आणि गाऱ्हाण्याला ऐकणारा लागतो. गाडी गेलेली आहे. ऐकायला कुणी नाही. चांगला निघूनही परत केला, तर तिचा नकार पुरा होतो, त्याला साक्षीदार लागत नाही. मजकूर दुसऱ्याला जास्त आधार देतो.
पण खरी गोष्ट मला वेगळी वाटते. परत करायचाच होता तर हलवला कशाला? सरळ उचलून नेता आला असता. 'हलवला' या एका क्रियेत क्षणभर तिनं तो आपला मानला. बाहेरचा संघर्ष गाडीबरोबर गेला. आतला संघर्ष 'उचलला' आणि 'नेऊन ठेवला' यांच्यामध्ये, त्या दोन स्वल्पविरामांत घडतो. मुलांना 'अंतर्गत संघर्ष' हा शब्द पाठ असतो, पण त्याला वाक्यातली जागा दाखवायला सांगा. जागा दाखवता आली नाही तर तो शब्द खोडावा.

काणकोणची वाट
+१. संवादांकडेही बघा. भाटकार तीनदा बोलतात, त्यांत दोन प्रश्न आहेत. 'बरी आहेस ना?' याला तोंडी उत्तर नाही, ती पाट आणते. 'कागद त्यानंच केले ना?' यालाही उत्तर नाही. म्हणजे विचारलेल्या दोन्ही गोष्टींवर ती गप्प. जे विचारलंच नव्हतं, 'नातवाला', त्यावर मात्र ती बोलते. आणि काय बोलते? नातू इथे नाही, त्याला नोकरी आहे. कथेतलं तिचं एकुलतं बोलणं म्हणजे नकार आहे, फक्त माहितीच्या रूपात.
संवाद तपासताना मी हाच क्रम सुचवेन: प्रश्न किती, उत्तर कुठल्याला मिळालं, कुठल्याला कृतीनं मिळालं, कुठला तसाच राहिला. हे वहीत मांडायला पाच मिनिटं लागतात आणि संघर्ष आपोआप दिसायला लागतो.

पणजीतला वाचक
माझा मुद्दा सुराचा. मला यात सरळ उपरोध दिसतो. उभे राहून नारळ मोजणारा भाटकार, एकशे बारातला एक देणारा. लेखक त्याची टर उडवतोय.

रुद्राक्ष
असहमत. उपरोध असेल तर निवेदक पात्राहून वर उभा असतो, आणि वाचकाला तो खूण करतो. इथे खूण कुठे आहे? भाटकार आधी विचारपूस करतात. 'कागद' काढतात, पण धमकी देत नाहीत. शेवटी पाणी पितात. निवेदन त्यांना शेवटपर्यंत 'आले', 'त्यांनी', 'ते प्यायले' असं आदरार्थीच ठेवतं, आणि म्हातारीला 'तिनं', 'बोलली'. हा आदर निवेदकाचा आहे की गावाचा, असा प्रश्न जरूर विचारा. मी गावाचा म्हणेन. निवेदक गावाच्या भाषेतच बोलतो, तिच्यावर टिप्पणी करत नाही.
आता शेवट वाचा. 'भाटकार गेले' असं वाक्यच नाही. 'गाडी गेली.' जाताना त्यांना क्रियापद मिळालं नाही, म्हणून आदरार्थी रूपही मिळालं नाही. सुरातला बदल बघायचा तर इथे. आवाज चढलेला नाही, फक्त नजर हटली.

पणजीतला वाचक
रुद्राक्ष, 'गाडी गेली' हे पटलं. पण मोजण्याचं काय? 'म्हातारी मोजत नव्हती. भाटकार मोजत होते.' ही दोन वाक्यं अशी समोरासमोर ठेवली आहेत की टोचतात.

रुद्राक्ष
टोचतात, बरोबर. पण टोचणं आणि टर उडवणं वेगळं. करून बघा: 'भाटकार बारीक नजरेनं मोजत होते' असं लिहा. लगेच उपरोध येतो, कारण निवेदकानं मत दिलं. मूळ मजकुरात भाव सांगणारं विशेषण निवेदनात एकही नाही. सूर ठरवताना हा माझा पहिला प्रयोग: एक विशेषण घालून बघायचं. घातल्यावर वाक्य जिकडे कलंडतं, तिकडे ते मुळात कलंडलेलं नव्हतं.
दुसरा प्रयोग काढून बघण्याचा. 'पहिल्यांदाच' काढा. 'ते प्यायले.' एवढंच राहिलं तर तहान लागलेला माणूस पाणी प्यायला. तो एक शब्द आला की मागची सगळी वर्षं येतात, जेव्हा भाटकारांनी या घरचं पाणी घेतलं नव्हतं. निवेदकानं स्वतःहून दिलेली माहिती कथेत एवढीच. म्हणून सुराचं वजन तिथे आहे.

नदीपलीकडे
'तोच तांब्या' सुटू नये. पाडेल्याला दिलेलाच तांब्या भाटकारांपुढं धरला, तोही नंतर. आधी काम करणारा, मग मालक. क्रम उलटा करून वाचा: 'तिनं भाटकारांना तांब्या दिला, मग पाडेल्याला.' कथा संपली! नेहमीचा पाहुणचार झाला तो. आणि 'थोडं थांबून' काढलं तर क्रम नकळत झाला असं वाटेल. थांबल्यामुळे तो ठरवून झाला.

रुद्राक्ष
वा. हा तिसरा प्रयोग, क्रम फिरवण्याचा. पाट आणि पाणी यांचाही क्रम आहे. पाट मांडला तेव्हा ते बसले नाहीत, पाणी धरलं तेव्हा ते प्यायले. मधे 'कागद' येऊन गेले.

डिचोलीकर
मग भाटकार पाणी पितात ते मनापासून की नाइलाजानं? कागद झाले, आता जुळवून घेतलेलं बरं, असंही असेल.

काणकोणची वाट
मजकूर ते उघडं करत नाही, आणि ते ठीक आहे. निवेदन भाटकारांच्या मनात एकदाही शिरत नाही. म्हातारीच्याही नाही. पण निवेदक उभा कुठे आहे बघा. एकशे बारा हा आकडा म्हातारीला ठाऊक नाही, ती मोजतच नव्हती. म्हणजे तोवर निवेदक भाटकारांच्या बाजूला उभा आहे. गाडी गेली तेव्हा तो गाडीत बसला नाही, म्हातारीजवळ राहिला. बाजू बदलली ती अशी. 'कथा कुणाच्या बाजूनं आहे' याचं उत्तर भावनेनं देऊ नका, निवेदकाच्या उभं राहण्याच्या जागेवरून द्या.
डिचोलीकरांच्या प्रश्नाचं परीक्षेतलं उत्तर असं असावं: 'दोन्ही शक्य, मजकूर निवड करत नाही, कारण कथेला भाटकारांचा हेतू नको, म्हातारीची कृती हवी आहे.' 'दोन्ही शक्य' एवढ्यावर थांबलात तर मात्र ते उत्तर होत नाही. का शक्य ठेवलं, ते सांगावं लागतं.

संस्कृतवाली
आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ध्वनीचा विचार मांडला, तो इथे कामाला येतो. सांगितलेला अर्थ एक, सुचवलेला दुसरा, आणि सुचवलेला जास्त महत्त्वाचा. त्यात वस्तुध्वनी, अलंकारध्वनी, रसध्वनी असे प्रकार आहेत. तांब्या पुढं धरणं हा वस्तुध्वनी: 'आता तुम्ही माझ्या दारात आलेले पाहुणे आहात.' कुणी बोललं नाही, पण गोष्ट कळली.
मात्र रस आणि सूर एक मानू नका. 'करुण' हे सुराचं उत्तर म्हणून मुलं देतात तिथे हीच गफलत होते. रस वाचणाऱ्याच्या अनुभवाचा. सूर म्हणजे निवेदक आपल्याशी कसा बोलतोय ते.

शब्दपारखी
@संस्कृतवाली, याच ठिकाणी आय. ए. रिचर्ड्स यांची १९२९ ची विभागणी उपयोगी पडते. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि वाचनातल्या चुका तपासल्या. अर्थाचे चार पदर त्यांनी धरले: वाच्यार्थ, भावना, सूर, हेतू. भावना म्हणजे बोलणाऱ्याची विषयाकडे बघण्याची वृत्ती, सूर म्हणजे त्याची ऐकणाऱ्याकडे बघण्याची वृत्ती. 'पाड'मध्ये विषयाबद्दलची भावना खोल आहे, पण वाचकाशी बोलण्याचा सूर कोरडा आणि आटोपशीर. दोन्ही एका शब्दात कोंबले की 'करुण' येतं.
नाव न सांगता मजकूर देण्याची पद्धत वर्गात जरूर वापरा. कवीचं नाव दिसलं की मुलं त्या कवीबद्दल ऐकलेलं लिहितात, समोरचं वाचत नाहीत.

अबोली
आता आशयसूत्र राहिलं. मी लिहिते: 'स्वाभिमान'.

मांडवीकाठ
अबोली, 'स्वाभिमान' हा विषय झाला. आशयसूत्र म्हणजे कथा त्या विषयाबद्दल काय म्हणते, म्हणून ते पूर्ण वाक्यच हवं. वाक्याला हो-नाही म्हणता येतं, नुसत्या नामाला येत नाही.

अबोली
बरं. 'हक्क मिळाला की माणूस ताठ उभा राहतो.'

नदीपलीकडे
हे मजकुरावर घासून बघू. खराटा मागं लपवला, ही कृती यात बसत नाही. कागद झाल्यावरही ती लपवते. म्हणजे हक्क मिळाला तरी हात जुनाच हलला. पाटही जुन्याच सवयीनं आला. तुमचं वाक्य कथेच्या सुरुवातीलाच खोटं पडतं.

खाजन
मग असं: 'हक्क कागदावर मिळाला तरी जुनी देण्याघेण्याची रीत वेगळी मोडावी लागते, आणि ती एका दिवसात, एका माणसाला, एकट्यानं मोडावी लागते.' खराटा बसतो, पाट बसतो, थांबणं बसतं, नारळ बसतो.

माडाखाली
'एका दिवसात' कशाला? मजकुरात दिवस आहे, पण आग्रह नाही. तेवढं काढलं तर माझा पाठिंबा. आणि पाणी देणं राहिलं. ती फक्त नाकारत नाही, ती देतेही. घेणारी होती ती देणारी झाली. हे वाक्यात यायलाच हवं.

खाजन
मान्य. 'हक्क कागदावर मिळाला तरी देणारा कोण आणि घेणारा कोण ही जुनी रीत माणसाला स्वतःच्या हातानं उलटवावी लागते.' आता 'हातानं' शब्दशः खरं आहे: तांब्या आणि नारळ.

पणजीतला वाचक
हे चांगलं झालंय. घासून बघण्याची पद्धत मला सगळ्यात पटली. कथेतल्या सगळ्या वस्तू एका बाजूला लिहायच्या (खराटा, पाट, नारळ, उंबरा, कागद, तांब्या, गाडी, ढीग) आणि वाक्य प्रत्येकीवरून फिरवायचं. एखादी वस्तू बाहेर राहिली तर वाक्य दुरुस्त करायचं, वस्तू विसरायची नाही. 'गाडी' मात्र माझ्या मते फक्त जाण्यासाठी आहे. प्रत्येक वस्तूतून प्रतीक पिळून काढायचा हट्ट नको, मुलांना ती सवय फार लवकर लागते.

काणकोणची वाट
शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. उंबऱ्यालाही मी प्रतीक म्हणणार नाही. ती जागा आहे: भाटकार तिथवर येतात, आत जात नाहीत. एवढं सांगितलं की पुरे.

विठ्ठलवाडी
धागा कथेचा आहे, तरी विचारतो. हे कवितेला कसं लावायचं? तिथे पात्रंच नसतात. वर्गासाठी रचलेल्या या चार ओळी बघा:

*पाणी चढे उंबऱ्याशी*
*दिवा लावी ती देवाशी*
*बांध फुटला खाजनी*
*तिची जपमाळ मनी*

खाजन
नाव माझं आलं म्हणून आधी मीच :) खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन. तिचा बांध भरतीचं खारं पाणी अडवतो. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, लाकडी फळ्या भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मीठ जमिनीत मुरतं. नुकसान एका हंगामापुरतं राहत नाही. तिसऱ्या ओळीत पुराचं देखणं चित्र नाही, पुढच्या काही वर्षांचं भात गेलं आहे. हे कळल्याशिवाय चौथी ओळ नुसती भाविक वाटेल.

शब्दपारखी
कवितेत दोन पात्रं नसली तरी दोन ओढी असतात, आणि पुष्कळदा त्यातली एक छंदात असते. हा धाकट्या अभंगाचा साचा: आठ अक्षरं, आठ अक्षरं, शेवटी यमक. चाल संथ, भजनाची. मजकुरात मात्र आपत्ती. चाल 'सगळं ठीक आहे' म्हणते आणि शब्द 'सगळं गेलं' म्हणतात. संघर्ष इथे चाल आणि शब्द यांच्यात आहे. मोठ्यानं म्हणा, आधी टाळ धरल्यासारखं, मग गद्यासारखं. दोन वाचनांत जो फरक पडतो तो सूर.

विठ्ठलवाडी
म्हणजे तिची श्रद्धा की हतबलता, हे कविता ठरवत नाही?

रुद्राक्ष
ठरवत नाही, पण बेफिकिरी मात्र नक्की नाकारते. दिवा लावण्याआधी पाणी उंबऱ्याशी आलेलं आहे, तिनं ते पाहिलं आहे. ओळींचा क्रम तेवढा पुरावा देतो. बदलून बघायचं तर चौथ्या ओळीच्या जागी 'तिचे डोळे मात्र पाणी' ठेवा. अक्षरं आठच आहेत. यमक ढिलं पडतं ते वेगळं, पण मुख्य म्हणजे रडण्याचं काम कवीनंच उरकलं आणि चाल व शब्द यांतला ताण गेला. पहिल्या ओळीतलं 'पाणी' परत आल्यामुळे जरा चमकदार वाटेल, म्हणून मुलं हीच ओळ जास्त चांगली म्हणतील. त्यांना दोन्ही फळ्यावर लिहून द्या आणि तिसऱ्या ओळीनंतर कुठल्या ओळीला जास्त वेळ थांबावं लागतं ते विचारा.